थंडीतली खार आणि पायपुसण्याचा काथ्या

डिसेंबर लागला की आमच्या कोल्हापूरच्या परसातली खार उशिरा उठते. ऑक्टोबरात उजाडता उजाडता पेरूवरून सुरू होणारी तिची चिकचिक आता साडेसात-आठ वाजल्याशिवाय कानावर पडत नाही, आणि बाहेर आल्यावरही ती खाण्याकडे न वळता न्हाणीघराच्या पत्र्यावर पोट टेकून, चारी पाय फाकवून पसरते. पंधरा-वीस मिनिटे ऊन खाऊन झाले की मागच्या दारातले पायपुसणे गाठते, त्यातला काथ्या दातांनी ओढून काढते, पुढच्या पंजांनी त्याची गुंडाळी करून तोंडात कोंबते आणि नारळावर चढून दिसेनाशी होते. घरात बरेच दिवस याचा आळ उंदरांवर होता.

ही सारी हिवाळ्याची बेगमी असावी, असे मलाही आधी वाटले. शाळेच्या वयात पाहिलेल्या चित्रांतली खार नेहमी फळे पुरून ठेवत असते. पण ती खार उत्तर अमेरिकेतली करडी खार असते. तिच्या मुलखात थंडीत झाडे महिनोन्‌महिने उघडी पडतात, म्हणून ती एकेक फळ वेगवेगळ्या जागी पुरते. लुसिया जेकब्स आणि एमिली लिमन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की शेजारी दुसऱ्या खारींनी पुरलेली फळे असली तरी ती स्वतःच्या जागा स्मरणाने शोधते, केवळ वासावर विसंबत नाही. विशेष म्हणजे ही खारही हिवाळाभर झोपून राहत नाही. खरी शीतनिद्रा घेतात त्या जमिनीत बिळे करणाऱ्या खारी; त्यांपैकी आर्क्टिक प्रदेशातल्या जातीच्या शरीराचे तापमान त्या काळात शून्याखाली, उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे.

कोल्हापुरात जानेवारीतल्या रात्री पारा साधारण १४-१५ अंशांवर येतो आणि अन्नाचा तुटवडा तर मुळीच नसतो. उलट हिवाळा सरता सरता सावर आणि पांगारा फुलतात, तेव्हा फुलात तोंड खुपसून मध चाटणारी खार परागांनी माखलेली दिसते. जिथे उपासमारीचा काळच येत नाही, तिथे कोठार भरण्याचे किंवा झोपून दिवस काढण्याचे कारण उरत नाही.

मग थंडी तिला बाधते ती कशी? उत्तर तिच्या आकारात आहे. वस्तूची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, घनफळ मात्र आठपट. म्हणजेच अंग जितके लहान, तितका त्यातून उष्णता निसटून जाण्याचा वेग वजनाच्या मानाने जास्त. राधानगरीच्या जंगलातले शेकरू दीड-दोन किलोंचे असते, तर परसातली खार जेमतेम शंभर ग्रॅमची. रात्रभर गमावलेली ऊब नुसत्या खाण्यातून भरून काढणे तिला महागात पडते. ऊन फुकट मिळते, तेव्हा आधी ऊन आणि मग पेरू हा तिचा हिशेब मला अगदी चोख वाटतो.

गंमत अशी, की एप्रिलच्या दुपारी हीच खार धुण्याच्या ओल्या दगडावर नेमकी अशीच पसरलेली असते. पोटावरची लव विरळ असल्यामुळे तिथून उष्णतेची देवघेव लवकर होते. तापलेल्या पत्र्यावर उष्णता आत येते, गार दगडावर बाहेर जाते. आसन एकच, काम उलटे.

काथ्याचा उलगडा मात्र वाऱ्याने केला. एका सकाळी नारळाखाली तिचे घरटे पडलेले सापडले, फुटबॉलएवढा विस्कटलेला गोळा. बाहेरून आमचा काथ्या आणि सुतळी, आत गादीचा कापूस, चिंध्या आणि कुठल्याशा हाराची जरीची दोरी. तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. स्वेटर आणि गोधडी याच तत्त्वावर काम करतात. खारीची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि अंगावर लव नसते, त्यामुळे या गोळ्यातल्या उबेवरच त्यांची सारी भिस्त असते. पडलेले घरटे रिकामे होते. दुसऱ्याच दिवशी पायपुसण्याचा उरलेला कोपरा उसवायला सुरुवात झाली.