कॉलेजात लैंगिक छळ: तक्रारीचा अर्ज कुठे, कसा आणि किती दिवसांत

कोकणात अशी तक्रार करायची म्हटलं की पहिली आडवी येते ती ओळख. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो शेजारच्या वाडीतल्या कुणाचा तरी भाचा, नाहीतर सर आईच्या माहेरगावचे. घरात विषय निघतो, "गणपती होऊ देत, मग बघू." गणपती जातात, परीक्षा येते, दिवाळी येते आणि अर्जाची मुदत उलटते. ती मुदत घटनेपासून ३ महिन्यांची आहे. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायची. कॉलेजच्या तक्रार समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळू शकतात, म्हणून उशीर का झाला ते अर्जातच लिहा.

नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे. मे २०१६ पासून लागू. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात मुंबई विद्यापीठाशी संलग्न जी कॉलेजं आहेत, त्या प्रत्येकात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर ३ विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. प्राचार्य किंवा विभागप्रमुख समितीत नसतात, त्यामुळे "आधी प्राचार्यांची परवानगी आण" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अर्ज विद्यार्थिनी, प्राध्यापिका, कार्यालयातल्या किंवा कंत्राटी कर्मचारी कुणीही करू शकतात. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही हे संरक्षण आहे. आणि एक तरतूद फार कमी जणांना ठाऊक असते: जिच्यावर बेतलं ती शारीरिक वा मानसिक अवस्थेमुळे लिहू शकत नसेल, किंवा हयातच नसेल, तर तिची मैत्रीण, नातेवाईक, वर्गातलं कुणी किंवा समुपदेशक तिच्या वतीने तक्रार देऊ शकतात.

हयात नसेल, हे शब्द नियमात वाचताना पोटात गोळा येतो. ६ डिसेंबर १९८९ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये, इकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी कॉलेजात, एका बंदूकधाऱ्याने वर्गातल्या मुली वेगळ्या काढून गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १४ जणी गेल्या. १९९१ पासून त्या देशात हा स्मृतिदिन आहे. आपल्याकडे ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. त्याच सुमारास, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या पंधरवड्यात, कॉलेजांत स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पोस्टर लागतात. पोस्टर रंगवणाऱ्या मुलीला समितीच्या अध्यक्षांचं नाव विचारून बघा. बहुतेक वेळा ती शेजारणीकडे बघते.

घटना वर्गातच घडायला हवी असं नाही. वसतिगृह, कँटीन, कॉलेजची बस, सहल, शिबिर, युवा महोत्सव, इंटर्नशिप हे सगळं आवारातच धरतात. एसटी स्टँडावर परक्याने छेड काढली तर मात्र पोलिसांचा ११२ किंवा महिला हेल्पलाइनचा १८१ फिरवा.

कागद फार लागत नाहीत. साध्या कागदावरचा सही केलेला अर्ज आणि ओळखपत्राची प्रत. स्टॅम्प पेपर नको, फी नाही, वकीलही नको. अर्जात तारीख, वेळ, जागा, काय घडलं आणि कुणी पाहिलं ते आपल्या बोलीत लिहिलं तरी चालतं. लिहिणं जमत नसेल तर समितीने लिहून द्यायला मदत करायची असते. मेसेज असतील तर स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू द्या, मूळ मेसेज पुसू नका. सगळ्यात महत्त्वाची पोच: दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. तोंडी "बघतो हां" ही पोच नव्हे.

पुढे ७ दिवसांत समोरच्याला प्रत जाते, १० दिवसांत त्याने उत्तर द्यायचं, ९० दिवसांत चौकशी संपवायची. अहवालानंतर संस्थेने ३० दिवसांत कारवाई करायची. अपिलालाही ३० दिवसच. मधल्या काळात समोरचे प्राध्यापक तुमचे पेपर तपासणार नाहीत किंवा तो तुमच्यापासून लांब राहील, अशी मागणी लेखी करा. समझोता तक्रारदाराला हवा असेल तरच, आणि पैशांवर नाही. नाव गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

अकरावी-बारावीच्या मुली बहुधा १८ च्या आतल्या. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा लागतो, आणि शिक्षकांना कळलं असेल तर पोलिसांना कळवणं त्यांच्यावर बंधन आहे. इतरांनाही समिती आणि पोलीस दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या आहेत. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, एफआयआरची प्रत फुकट मिळते. वकील हवा झाला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत मिळतो.

तक्रार संस्था चालवणाऱ्याविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. तिथूनही पोच घेतल्याशिवाय घरची एसटी धरू नका.