सर्व्हर ओरडू लागला तर : मेगारेड कार्ड आणि त्याच्या सॉफ्टवेअरविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला येणाऱ्या फोनमधलं एक वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, सर्व्हर ओरडतोय, पण काम चालू आहे." गडबड असते ती त्या 'पण'मध्ये. काम चालू असतं, म्हणून फोन चार दिवसांनी येतो. ज्यांच्याकडे आम्ही मेगारेड कार्ड बसवलं आहे त्यांनी हा कागद वाचून सर्व्हरच्या रॅकमध्येच ठेवावा. टाइप करायचे आदेश इथे दिलेले नाहीत. ते रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कार्डावर आहेत.

कार्ड नेमकं काय करतं

तुमच्या सर्व्हरमध्ये बहुतेक 4 टीबीच्या चार डिस्क आहेत. कार्ड त्या चारांची मोट बांधतं (मोटेला अ‍ॅरे म्हणतात, या पद्धतीला रेड) आणि विंडोजला सांगतं, 'ही घे एक डिस्क.' रेड 5, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा रेडचा प्रकार, लावलं असेल तर एका डिस्कइतकी जागा हिशेबाच्या पुरचुंडीत जाते (तिला पॅरिटी म्हणतात) आणि वापरायला 12 टीबी उरतात. विंडोज ते 10.9 दाखवतं. मधले आम्ही खाल्लेले नाहीत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, एवढाच फरक.

1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा रेडमधल्या 'आय'चा अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, असा होता. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ घ्यायच्या, त्यातली एखादी जाणार हे धरूनच चालायचं, आणि गेली तरी काम थांबू द्यायचं नाही. त्यामुळे डिस्क मेली तरी विंडोजला त्याचा पत्ता लागत नाही. माय कॉम्प्युटर उघडा, सगळं आलबेल दिसेल. आत काय चाललंय ते कार्डाला माहीत असतं, आणि कार्डाशी बोलायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

नावांचा गोंधळ

मेगारेड मूळचं अमेरिकन मेगाट्रेंड्सचं. 2001 मध्ये ते एलएसआयकडे गेलं, 2014 मध्ये एलएसआयला अव्हागोने घेतलं, आणि 2016 मध्ये अव्हागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन तेच नाव लावलं. म्हणून कार्डावर एलएसआय छापलेलं असतं, ड्रायव्हरमध्ये अव्हागो दिसतं आणि डाउनलोड ब्रॉडकॉमच्या साइटवर सापडतं. तिन्ही एकाच घरातले. डेलच्या सर्व्हरमधली बरीच पर्क कार्डंही याच जातीची आहेत, पण त्यांना डेलने दिलेलंच सॉफ्टवेअर वापरा. एचपीईचं स्मार्ट अ‍ॅरे मात्र निराळं. त्यावर यातलं काहीही चालणार नाही, उगाच तास घालवू नका.

सॉफ्टवेअर तीन प्रकारचं मिळतं. जुन्या कार्डांसाठी मेगारेड स्टोरेज मॅनेजर, जावावर चालणारं, थोडं जड. त्याच्या जागी आलेलं स्टोरेज अथॉरिटी, ते ब्राउझरमध्ये उघडतं. आणि स्टोअरसीएलआय, ज्यात चित्रं नाहीत, नुसत्या काळ्या खिडकीत आदेश द्यायचे. आम्ही स्वतः तिसरंच वापरतो, कारण सर्व्हर अडचणीत असतो तेव्हा चित्रांच्या खिडक्या उघडायलाही खळखळ करतात. तुमच्याकडे मात्र पहिलं किंवा दुसरं टाकून देतो, म्हणजे लाल-हिरवं तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसतं.

टाकताना

आधी ड्रायव्हर, मग कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आतच राहणारं सॉफ्टवेअर), शेवटी वरचं सॉफ्टवेअर. हा क्रम मोडला की सॉफ्टवेअर उघडतं आणि 'कंट्रोलर (म्हणजे हेच कार्ड) सापडला नाही' म्हणून गप्प बसतं. फर्मवेअरला हात लावण्याआधी आम्ही बॅकअप मागतो. बरेच जण वैतागतात, पण बॅकअप नसेल तर आम्ही परत जातो. 'चालतंय ना, मग फर्मवेअर कशाला बदलायचं?' असंही विचारलं जातं. डिस्कलाही स्वतःचं फर्मवेअर असतं. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल तातडीची सूचना काढली होती : नवं फर्मवेअर टाकलं नाही तर 32,768 तास भरले की त्या बंद पडतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. एकाच दिवशी सुरू केलेल्या चार डिस्क एकाच सुमारास गेल्या, तर कुठलंही रेड काय करणार?

विंडोजवर स्टोरेज मॅनेजर टाकताना तो प्रकार विचारतो. सर्व्हरवर 'कम्प्लीट' निवडायचं, अकाउंटच्या पीसीवरून नुसतं पाहायचं असेल तर तिथे 'क्लायंट'. लॉगिनला वेगळा पासवर्ड नसतो, सर्व्हरच्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा चालतो, लिनक्सवर रूटचा. हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' मारून बघितलेलं आहे. लिनक्सवर आणखी एक खोच आहे : इन्स्टॉल करणारी स्क्रिप्ट सी-शेलमध्ये लिहिलेली आहे आणि आजच्या बऱ्याच लिनक्समध्ये सी-शेल आधीपासून नसतं. ते टाकल्याशिवाय स्क्रिप्ट सुरूच होत नाही.

ईमेलचा भाग मात्र नीट वाचा. आमच्या मते निम्मं काम इथेच आहे. डिस्क गेली की सॉफ्टवेअर ईमेल पाठवू शकतं, पण कोणाला पाठवायची, कुठल्या सर्व्हरमधून पाठवायची, हे भरावं लागतं. पूर्वी आम्ही साधा जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड घालून द्यायचो. 30 मे 2022 पासून गूगलने नुसत्या पासवर्डवर चालणारा हा जुना रस्ता बंद केला आणि तशा बसवलेल्या सर्व्हरची ईमेल बिनबोभाट थांबली. सॉफ्टवेअर आपलं पाठवत राहिलं, पोचत काहीच नव्हतं. तुमचा सर्व्हर त्याआधीचा असेल आणि नंतर आम्ही येऊन गेलो नसू, तर आजच 'टेस्ट' बटण दाबून पाहा. आणि पत्ता एका माणसाचा नको, कार्यालयाचा हवा. एका ठिकाणी सगळे इशारे नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यावर दीड वर्ष इमानेइतबारे जात होते.

'सर्व्हर दिसत नाही'

पीसीवरून स्टोरेज मॅनेजर उघडला आणि यादी रिकामी आली, तर घाबरायचं कारण नाही. डिस्कना काही झालेलं नसतं. सर्व्हरवर 'एमएसएम फ्रेमवर्क' ही सेवा चालू आहे का ते आधी बघा, थांबली असेल तर चालू करा. मग फायरवॉल : स्टोरेज मॅनेजरला 3071 आणि 5571 हे पोर्ट लागतात, स्टोरेज अथॉरिटी ब्राउझरमधून एरवी 2463 वर उघडते. नवा अँटिव्हायरस टाकला की दुसऱ्याच दिवशी हा फोन येतो, म्हणून सांगतो. लिनक्सवर होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरच्या नावापुढे खरा आयपी नसेल तरीही हेच होतं.

बझर

सर्व्हर ओरडतो म्हणजे कार्डाचा बझर वाजतो. सेकंदभर वाजतो, सेकंदभर थांबतो, असा बझर असेल तर अ‍ॅरे 'डिग्रेडेड' आहे : एक डिस्क गेली, बाकीच्यांवर गाडा चालू आहे. तीन सेकंद वाजून एक सेकंद थांबत असेल तर गाडाच थांबलाय, आणि ते तुम्हाला बझरच्या आधी कळलेलं असेल.

सॉफ्टवेअरमध्ये 'सायलेन्स' आणि 'डिसेबल' अशी दोन बटणं आहेत. सायलेन्स म्हणजे आत्तापुरतं गप्प, पुढचं काही घडलं की पुन्हा वाजेल. डिसेबल म्हणजे कायमची मुस्कटदाबी. सायलेन्स खुशाल करा, त्या आवाजात कोणालाच काम सुचत नाही. डिसेबलला हात लावू नका.

कुठली डिस्क गेली?

इथे आम्ही स्वतः केलेली एक चूक सांगतो. एका गावच्या दूध संस्थेत, दहा दिवसांची बिलं निघायच्या आदल्या रात्री, बझर वाजला. आम्ही दुरून पाहिलं, स्लॉट 3 लाल होता. फोनवर सांगितलं, "तीन नंबरची काढा आणि कपाटातली नवी लावा." पलीकडे सचिव स्वतः होते, हातात मोबाइलचा टॉर्च. त्यांनी डावीकडून मोजलं, एक, दोन, तीन, आणि ट्रे ओढला. कार्ड मात्र स्लॉट शून्यापासून मोजतं. त्यांनी ओढला तो स्लॉट 2, धडधाकट. एक डिस्क मेलेली, दुसरी सचिवांच्या हातात : रेड 5 ला दोन गेल्या की खेळ खलास. स्क्रीन निळी झाली. फोनवर काही वेळ दोन्हीकडून शांतता.

नशिबाने त्यांनी ती डिस्क टेबलावर ठेवून दिली होती, दुसरीकडे कुठे लावून बघितली नव्हती. रात्री पावणेबाराला आम्ही पोचलो, तीच डिस्क त्याच जागी बसवली, पुढे सांगितलंय तसं इम्पोर्ट केलं आणि अ‍ॅरे उठला. संध्याकाळच्या संकलनातल्या शेवटच्या काही नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. दोष सचिवांचा नव्हता. 'तीन नंबर' हे शब्द आमचे होते. तेव्हापासून आम्ही नंबर सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये डिस्कवर उजवं क्लिक करून 'स्टार्ट लोकेट' दाबतो, त्या ट्रेचा दिवा लुकलुकू लागतो, आणि 'लुकलुकतोय तो' एवढंच बोलतो. दिवा दिसत नसेल तर डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय काहीही ओढायचं नाही.

'फॉरिन कॉन्फिगरेशन'

डिस्क काढून परत लावली, किंवा दुसऱ्या सर्व्हरमधून आणलेली लावली, की कार्ड तिला परकी समजतं. तिच्यावर अ‍ॅरेची जुनी खूण असते. पडद्यावर दोन पर्याय येतात : इम्पोर्ट आणि क्लिअर. इम्पोर्ट म्हणजे 'ही आपलीच, खूण वाचून घे.' क्लिअर म्हणजे खूण पुसून टाक. वर सांगितल्यासारख्या प्रसंगात कोणी घाईत क्लिअर दाबलं, तर डेटा डिस्कवर असूनही तो कसा जोडायचा याचा नकाशाच जातो. उलट, बाजारातून आणलेल्या जुन्या डिस्कवर कोणा तिऱ्हाइताची खूण असेल तर तिथे क्लिअरच करावं लागतं. दोन्हींतला फरक पडद्यावर ओळखता येत नसेल तर फोन करा आणि तोवर पडदा तसाच राहू द्या. तो रात्रभर तसा राहिला तरी काही बिघडत नाही.

नवी डिस्क लावली, तरी रिबिल्ड सुरू होत नाही

रिबिल्ड म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्यांवरून नव्या डिस्कवर पुन्हा भरणं. ते सुरू न होण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. नवी डिस्क जुनीपेक्षा किंचित लहान भरते, किंवा सासच्या अ‍ॅरेत साटाची आणलेली असते (डिस्क जोडण्याच्या या दोन निराळ्या जाती). कधी तिच्यावर परकी खूण असते, कधी कार्डाने तिला 'अनकॉन्फिगर्ड बॅड' ठरवलेलं असतं. डेस्कटॉपची डिस्क स्वस्त पडते हे खरं, पण खराब जागा वाचताना ती स्वतःशीच झगडत बसते, आणि तेवढा वेळ उत्तर आलं नाही की कार्ड तिला मेली समजून बाहेर काढतं. सर्व्हरसाठीच्या डिस्क काही सेकंदांत 'नाही वाचता येत' असं सांगून मोकळ्या होतात, बाकीचं कार्ड पॅरिटीवरून भरून काढतं. वरचे पैसे यासाठी असतात.

रिबिल्डला वेळ लागतो. 4 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबीने भरली तरी साडेसात तास होतात, आणि तेही सर्व्हरवर दुसरं काही चालू नसेल तर. डेटा थोडा असला तरी कार्ड डिस्क अखेरपर्यंत भरतं. कार्ड सहसा 30 टक्के ताकद रिबिल्डला देतं. ती वाढवली तर कामाचे पीसी रडू लागतात, म्हणून दिवसा 30 राहू द्या, रात्री वाढवा. मध्येच वीज गेली तर रिबिल्ड जिथे होतं तिथून पुढे चालू होतं. पण त्या वेळात दुसरी डिस्क कुरकुरली तर वाचवायला कोणी नसतं. म्हणून रिबिल्ड सुरू करण्याआधी बॅकअपची एक प्रत बाहेर काढून घ्या, नंतर नव्हे.

सगळं हिरवं, तरीही टॅली हळू

ही तक्रार आली की आम्ही आधी कार्डाची बॅटरी बघतो. कार्ड आलेलं लिखाण स्वतःच्या मेमरीत घेऊन 'झालं' म्हणतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. त्याला राइट बॅक म्हणतात, आणि सगळा वेग त्यातच आहे. वीज गेली तर मेमरीतलं जाऊ नये म्हणून बॅटरी असते, नव्या कार्डांत तिच्या जागी कपॅसिटर आणि फ्लॅश. बॅटरी थकली की कार्ड आपणहून राइट थ्रूवर जातं, म्हणजे प्रत्येक अक्षर डिस्कवर पडेपर्यंत थांबतं. बॅटरी स्वतःची चाचणी घेते तेव्हाही काही तास असंच होतं, ते आपोआप सुधारतं.

'ऑल्वेज राइट बॅक' नावाचा एक पर्याय आहे. तो लावला की बॅटरी नसतानाही वेग परत येतो. वीज कधी जाईल याची खात्री नसलेल्या आपल्या भागात आम्ही तो लावून देत नाही. यूपीएस आहे म्हणालात तरी नाही, कारण यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या हे कोणालाच आठवत नसतं.

फोन करण्याआधी

पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, फक्त लाल ओळीचा नको, सगळ्या डिस्कच्या यादीचा. इव्हेंट लॉग फाइलमध्ये साठवून पाठवा, त्यात पहिली तक्रार कधीची आहे ते कळतं, आणि बहुधा ती बझरच्या बऱ्याच आधीची निघते. कार्डाचा मॉडेल नंबर आणि बझर कधीपासून वाजतोय तेही सांगा. चार दिवसांपासून वाजत असेल तर चार दिवस म्हणा, आम्ही रागावत नाही. रविवारीही फोन उचलतो, डिस्क ओढण्याआधी आला तर जरा जास्तच आनंदाने.