लंडन-रोम: पावणेदोन तासांच्या अंतराला अडीच तास का?

समजा, सकाळी १० वाजता तुम्ही लंडनच्या हीथ्रोवरून निघालात, तर रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर दीडच्या सुमारास पोचता. तिथून २ वाजता परत निघालात, तर साडेतीनच्या आसपास लंडनमध्ये हजर! यात जादू काही नाही. रोमचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. तो तास एकीकडे वजा केला, दुसरीकडे मिळवला की दोन्ही प्रवास साधारण अडीच तासांचेच भरतात. मला गंमत वाटते ती या अडीच तासांची.

घरी ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो जेमतेम ३.४ सेंटिमीटर भरेल. या गोलावर एका सेंटिमीटरात सुमारे ४२५ किलोमीटर मावतात, म्हणजे अंतर झालं १,४४० किलोमीटरच्या आसपास. ताणलेला दोरा हीच गोलावरची सर्वांत जवळची वाट. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर मात्र पट्टी ठेवू नका. उत्तरेकडे जावं तसा तो नकाशा ताणलेला असतो.

ताशी ८३० किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेदोन तासांत संपायला हवं. मग उरलेला पाऊण तास कुठे जातो? एक तर वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ चाल आणि तिथली रांग त्यातच आली. शिवाय १०,००० फुटांखाली वेग सहसा २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरच्या आत ठेवतात. वाटही दोऱ्यासारखी सरळ नसते.

लंडनला उतरताना गर्दी असेल तर विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम किंवा बिगिन या चारपैकी एका ठिकाणी घिरट्या घालतात. एकावर एक, मध्ये हजार हजार फुटांचं अंतर. सर्वांत खालचं उतरायला निघालं की वरची एकेक मजला खाली सरकतात. खिडकीतून तेच शेत तिसऱ्यांदा दिसलं तर समजावं, आपण रांगेत आहोत.

आणि वारा! युरोपवर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे रोमला जाताना बऱ्याचदा मदत होते आणि येताना अडथळा. समजा, १,००० किलोमीटरच्या टप्प्यात ही मदत आणि हा अडथळा ताशी १०० किलोमीटरचा आहे. जाताना साडेचौसष्ट मिनिटं लागतील, येताना सुमारे ८२. दोन्ही मिळून झाली जवळजवळ १४७. वारा नसता तर १४५ लागली असती. जाताना मिळालेलं येताना पूर्ण फिटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो.