मूल घाबरून शाळेत जात नाही आणि शाळेने नोटीस पाठवली: पुण्यात अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

माझा मुलगा सातवीत गेला आणि जूनच्या अखेरीस त्याची शाळा थांबली. सकाळी पावणेसातला व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवायचे, तेव्हा हा जिन्याच्या पायरीवर बसलेला असायचा. एक बूट पायात, दुसरा हातात. पोटात मुरडा, तळहात ओले, चेहरा पांढराफटक. शाळा भरून गेली की नऊच्या सुमाराला पोट आपोआप थांबायचं. त्यामुळे घरात सगळ्यांना, मलासुद्धा, वाटलं की हा नाटक करतोय. दीड महिन्याने शाळेचं पत्र आलं: पाल्य सतत गैरहजर आहे, सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा पटावरून नाव कमी करून पालकांवर कायदेशीर कारवाई केली जाईल.

ते पत्र घेऊन मी चार दिवस नुसती घाबरून बसले. त्या चार दिवसांत काय करायला हवं होतं, ते खाली लिहिते आहे.

कारवाई होऊ शकते का?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. कलम 10 नुसार 6 ते 14 वर्षांच्या पाल्याला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते पाळलं नाही म्हणून पालकाला दंड किंवा शिक्षा, असं एकही कलम या कायद्यात नाही. दंडाची कलमं आहेत ती 13, 18 आणि 19, आणि ती कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी उकळलेली जादा देणगी) घेणाऱ्या, प्रवेशासाठी मुलाखत घेणाऱ्या किंवा मान्यतेशिवाय चालणाऱ्या शाळांसाठी आहेत. मुलाच्या हजेरीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कलम 8 आणि 9 ने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे.

नाव कमी करण्याचंही तसंच. कलम 16 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली, पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा आली. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही ही तरतूद तशीच आहे. नोटिशीच्या उत्तरात हे वाक्य कलमासकट लिहा. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे हा कायदा लागू होत नाही, म्हणून आपल्या शाळेचा दर्जा आधी विचारून घ्या.

इंग्लंडमधल्या नातेवाइकांचे किस्से ऐकून इथले पालक जास्त धास्तावतात. तिथे विनापरवाना गैरहजेरीसाठी पालकाला खरोखर दंड होतो: 21 दिवसांत भरला तर 80 पौंड, त्यानंतर 28 दिवसांपर्यंत 160. न भरल्यास 1996 च्या शिक्षण कायद्याच्या कलम 444 खाली खटलाही भरतात. तो कायदा तिथला आहे, पुण्यातल्या शाळेला त्याचा आधार घेता येत नाही.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 चा. ताब्यातल्या मुलाची जाणूनबुजून हेळसांड केली तर त्यात शिक्षा आहे, आणि मूल घरात डांबून ठेवलंय अशी तक्रार कोणी केली तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाऊ शकतं. दुसरा धोका नवरा-बायको वेगळे राहत असतील तिथे. मुलाच्या ताब्याच्या दाव्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात समोरचा पक्ष पहिल्यांदा शाळेची हजेरी पुढे करतो. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो: मूल शाळेत जात नव्हतं, तेव्हा तुम्ही काय केलंत? उत्तर तारखांसकट कागदावर असलं पाहिजे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, शाळेचं पत्र येण्याची वाट बघू नका, त्याआधी तुमचं पत्र शाळेत पोचू द्या.

मुख्याध्यापकांना अर्ज

छापील नमुना लागत नाही, साधा कोरा कागद पुरतो. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, कोणत्या तारखेपासून गैरहजर, आणि मग मजकूर. मी असा लिहिला होता:

"माझा पाल्य दि. ___ पासून तीव्र भीती व त्यामुळे होणाऱ्या शारीरिक त्रासामुळे शाळेत उपस्थित राहू शकत नाही. त्याच्यावर उपचार सुरू असून वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. शाळा सोडण्याचा आमचा कोणताही इरादा नाही. सदर गैरहजेरी वैद्यकीय कारणास्तव धरावी, नाव पटावर कायम ठेवावे आणि टप्प्याटप्प्याने शाळेत परतण्याचे नियोजन करण्यासाठी वर्गशिक्षक व समुपदेशकांसोबत बैठकीची वेळ द्यावी."

दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच न घेता परत येऊ नका. "मॅडमच्या टेबलावर ठेवते" असं क्लार्क म्हणाली तर तोच अर्ज शाळेच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, एवढं पुरत नाही. माझे असे सव्वीस मेसेज होते, पण शाळेच्या दफ्तरी त्यातला एकही नव्हता.

वैद्यकीय प्रमाणपत्र

इथे बहुतेक पालक चुकतात. फॅमिली डॉक्टर "पोटदुखी, तीन दिवस विश्रांती" लिहून देतात, असे आठ-दहा कागद जमतात आणि शाळेला ती सबब वाटते. आधी बालरोगतज्ज्ञांकडून पोटाचं खरं दुखणं नाही याची खात्री करून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ऐपत नसेल तर ससूनचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवाही आहे. नाव ऐकून बिचकू नका. केसपेपर काढायचा, दाखवायचं, घरी यायचं.

प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तपासल्याची तारीख, गैरहजेरीचा पूर्ण कालावधी आणि शाळेसाठीच्या सूचना हव्यात: सुरुवातीला दोन तास, तोंडी प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नयेत, त्रास झाला तर बसायला ठरलेली जागा. समुपदेशकाचं पत्र जोडा, पण ते पूरक म्हणून, प्रमाणपत्र डॉक्टरांचंच लागतं. निदानाचा प्रत्येक तपशील शाळेला देणं बंधनकारक नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 ने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. औषधांची चिठ्ठी आणि समुपदेशनाच्या नोंदी फाइलमध्ये ठेवा, शाळेत देऊ नका.

भीतीच्या मुळाशी कधी शिकण्यातली अक्षमता किंवा स्वमग्नता निघते. तसं निघालं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती हा मार्ग खुला होतो. डॉक्टरांना तपासणीबद्दल स्वतःहून विचारा.

आणि शाळेत कोणी मारलं असेल, वर्गापुढे अपमान केला असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. ती तक्रार वेगळ्या अर्जात करा. रजेच्या अर्जात मिसळलीत तर दोन्ही रखडतात.

शाळा ऐकत नसेल तर

त्याच कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे, आणि त्यावर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे होतं. पुणे शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, पिंपरी-चिंचवडला तिथला, गावात पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. खासगी शाळा असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनाही प्रत द्या, म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर मिळणार नाही. सोबत शाळेची नोटीस, पोच असलेला अर्ज, प्रमाणपत्र, मुलाच्या जन्मदाखल्याची आणि मागच्या वर्षीच्या गुणपत्रकाची प्रत. मुलाला या सुनावणीला नेऊ नका.

शाळा बदलायची ठरली तर कलम 5 खाली दाखला लगेच द्यावा लागतो, आणि दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. एक मात्र पक्कं धरा: नव्या शाळेत प्रवेश निश्चित होण्याआधी जुना दाखला काढू नका. मधल्या काळात मूल शाळाबाह्य ठरतं आणि तुमची बाजू कमकुवत होते.

नववीपासून पुढे

14 वर्षांनंतर वरच्या कायद्याचं संरक्षण राहत नाही आणि हजेरीचा प्रश्न कडक होतो. राज्य मंडळ असो वा सीबीएसई, दहावी-बारावीला 75 टक्के उपस्थिती लागते. वैद्यकीय कारणाने सूट मिळू शकते, पण प्रस्ताव शाळेने पाठवायचा असतो. त्यामुळे फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा दिवाळीआधी मुख्याध्यापकांना भेटा. वर्गात बसणं शक्यच नसेल तर बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आहे (शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो, अर्ज ऑनलाइन), किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय, जिथे 14 वर्षं पूर्ण झालेल्याला दहावीला बसता येतं.

मुलाची अवस्था बिघडली, जीव नकोसा झाल्याचं बोलायला लागला, तर सगळे अर्ज बाजूला ठेवून 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीत आहे. मुलांसाठीचा 1098 ही आहे.

आमच्या शाळेने बैठक दिली ती पोच घेतल्यानंतर अकराव्या दिवशी. सुरुवातीचे तीन आठवडे मुलगा फक्त शेवटच्या दोन तासांना गेला, मागच्या फाटकाने, मधली सुट्टी संपून मैदान रिकामं झाल्यावर. त्या दोन तासांची हजेरीपटावर नोंद होते की नाही, हे दर शनिवारी जाऊन पाहत होते. पहिल्या आठवड्यात नोंद झालीच नव्हती. तुमचंही असं नियोजन ठरलं तर हजेरी कशी लावायची हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि दर महिन्याला हजेरीची सही-शिक्क्याची प्रत मागा.