फळझाडांच्या पानांवर हवेच्या प्रदूषणाचा परिणाम (मराठवाडा)

हवेतील धूळ, राख, काजळी आणि विषारी वायू यांमुळे फळझाडांच्या पानांत होणारा बिघाड. मराठवाड्यात बागांना वायूंपेक्षा धुळीचा जाच अधिक आहे. ती कच्चे रस्ते, खडीक्रशर आणि वीटभट्ट्यांमधून येते. परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्राची राख आहे, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यांचा धूर.

मोसंबी आणि आंब्याची पर्णरंध्रे, म्हणजे पानाची श्वासाची बारीक छिद्रे, मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात, धूळ मात्र वर बसते. त्यामुळे आधी उजेड अडतो आणि अन्न तयार होण्याचे काम मंदावते. पुढे बारीक कण रंध्रांतही अडकतात. रस्त्याकडेच्या ओळीतले मोसंबीचे पान अंगठ्याने पुसले की करड्या थरात हिरवा पट्टा उमटतो. तेच पान उलटावे, तर अनेकदा लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीची जाळी दिसते. धुळीत कोळी खाणारे मित्रकीटक टिकत नाहीत, म्हणून कोळी फोफावतो.

सर्वांत वाईट गोष्ट वेळेची. मोसंबीच्या आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, फळे धरून वाढू लागण्याचे दिवस कोरडे असतात आणि पाने धुऊन काढणारा पाऊस जूनशिवाय येत नाही. मोसंबी सदाहरित असल्याने हा थर तिला सोसावाच लागतो. बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळते, त्यामुळे धुळीचे बरेचसे दिवस ते उघड्या फांद्यांवर काढते.

सल्फर डायऑक्साइडने शिरांमधला भाग पांढुरका, मग तपकिरी होतो. वीटभट्टीत माती भाजताना निघणाऱ्या फ्लोराइडने टोके आणि कडा करपतात. पालाशाची (पोटॅशची) कमतरता, क्षार आणि पाण्याचा ताण यांनीही कडा अशाच जळतात. नुसत्या पानावरून निदान करू नये. नुकसान वाऱ्याच्या एकाच बाजूला आहे का, हे आधी पाहावे. काळी माशी या किडीमुळे पानावर येणारी कोळशी, म्हणजे काळी बुरशीही धुराची काजळी समजली जाते, पण ती चिकट असते आणि पानाखाली कीड सापडते.

पंपाने पाने धुणे आणि बांधावर शेवरी किंवा बांबूची दाट ओळ लावणे हे उपाय सांगितले जातात. पण २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा पाण्याअभावी वाळल्या. टँकरवर बाग जगवणाऱ्याला पाने धुवायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. क्रशरवर पाण्याचे फवारे आणि खडीच्या ट्रकवर ताडपत्री, हा खर्च धूळ उडवणाऱ्याने करायचा आहे.