धनुष्य घेऊन विमानाने जाताना: कोणतं पत्र, केवढी पेटी आणि मुलं नेमकी कुठे अडकतात

2023 साली आदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी पार्थ साळुंखेने आयर्लंडमध्ये युवा गटाचं सुवर्ण आणलं. तेव्हापासून साताऱ्यात धनुष्य घेऊन फिरणाऱ्या पोरांकडे कुणी वळून बघत नाही. एसटी स्टँडवर काळी लांब पेटी दिसली की रिक्षावालाच विचारतो, "आर्चरी का?" विमानतळावर मात्र ही ओळख कामाला येत नाही. तिथे ती पेटी म्हणजे आडमाप सामान, आणि आत काय आहे ते प्रत्येक टेबलावर नव्याने सांगावं लागतं.

गेली काही वर्षं आमच्या मुलांची प्रवासाची कागदपत्रं मी बघतो. सुरुवात घरच्या लेकीपासून झाली, मग तिच्या मैत्रिणी, मग सांगली-मिरजेकडून फोन. एवढ्या काळात धनुष्य हे शस्त्र आहे म्हणून कुणाला परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. अडवलं ते पत्रावरच्या तारखेने, पेटीच्या लांबीने आणि आतल्या दहा रुपयांच्या लायटरने. म्हणून या तिन्हींवर सविस्तर लिहितो. बाकीचं थोडक्यात.

कोण नेऊ शकतं

कुणीही. स्पर्धेच्या धनुष्याला बंदुकीसारखा परवाना काढावा लागत नाही, त्यामुळे "पोलीस ठाण्याची एनओसी आणा" असं कुणी ऐकवलं तर आधी ते कुठे लिहिलंय ते विचारा. नियम साधा आहे: धनुष्य आणि बाण केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इन सामानात चालतात. एकसुद्धा बाण हातातल्या बॅगेत राहता कामा नये. सरावाहून थेट निघालेल्या मुलांच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात हमखास एखादा सापडतो.

मधूनच एखादा फोन शिकारीचाही येतो. व्हिडिओ बघून कुणाला पात्याचे बाण हवे असतात, तर कुणाला अमेरिकेतल्या मेव्हण्याकडे जाऊन धनुष्याने शिकार करायची असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कोयनेच्या खोऱ्यात व्याघ्र प्रकल्प असलेल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला लागू नये. परदेशातली शिकार तिथल्या परवान्यांनी चालते. तिथून शिंगं-कातडी घेऊन यायचा विचार असेल तर सोडून द्या, कस्टम्स आणि वन्यजीव कायदा दोन्हीकडून गळ्याशी येईल. मुद्दा एवढाच, की स्पर्धेच्या पेटीत पात्याचं टोक ठेवू नका. टार्गेटच्या बाणाचं गोल टोक बघून तपासणीचा जवान पेटी बंद करतो. पातं दिसलं की साहेबाला बोलावतो.

पत्र

कायद्याने हे पत्र सक्तीचं नाही. पण ते नसलं की काउंटरवरची मुलगी वरिष्ठांना फोन लावते, आणि तो फोन उचलला जाईपर्यंत तुमची वीस मिनिटं जातात. पत्र जिल्हा किंवा राज्य संघटनेचं, शालेय स्पर्धा असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं घ्या. लेटरहेड, सही, शिक्का आणि उचलला जाईल असा फोन नंबर हवा.

आता अडतं कुठे ते.

पहिलं म्हणजे तारीख. आमच्या एका मुलाच्या पत्रावर स्पर्धेच्या तारखा होत्या, 12 ते 16. जाणं 10 ला होतं आणि परतीचं विमान 17 ला. जाताना कुणी बघितलं नाही. येताना तिथल्या काउंटरवर एका चिकित्सक माणसाने बोट ठेवलं: स्पर्धा काल संपली, मग आज हे कशाला नेताय? पोरगं सतरा वर्षांचं, सोबतचे प्रशिक्षक दुसऱ्या विमानाने पुढे गेलेले. घरी न्यायला नाही तर कशाला नेणार, पण हे त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्या माणसाने ऐकलं असतंच असं नाही. तेव्हापासून मी पत्रात "प्रवासाचा कालावधी" अशी वेगळी ओळ घालून घेतो आणि पुढेमागे दोन-दोन दिवस जास्त धरतो.

दुसरं, भाषा. सरकारी कार्यालयातून पत्र मराठीत येतं, आणि ते यायलाच हवं. पण तपासणीला उभा असलेला जवान केरळचा असतो, नाहीतर मणिपूरचा. त्याने ते वाचायचं कसं? त्याच पत्राची इंग्रजी प्रत मागून घ्या. "आमच्याकडे इंग्रजी नमुना नाही" हे उत्तर मी तीनदा ऐकलंय. चौथ्यांदा नमुना मीच टाईप करून नेला, तर पाच मिनिटांत सही झाली. अर्थात, साहेब जागेवर होते म्हणून.

तिसरं, नाव. हे खास आपल्याकडचं दुखणं. तिकिटावर नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, आणि पत्रात शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव पहिलं. आपल्याला तिन्ही माणसं एकच दिसतात, दिल्लीच्या काउंटरवर तशी दिसत नाहीत. तिकीट काढण्याआधी आधार समोर ठेवा आणि पत्रही त्याच क्रमाने लिहून घ्या. संघाचं तिकीट एकत्र निघणार असेल तर यादी पाठवणाऱ्याला हे दोनदा सांगा.

पत्रात सामानाची यादीही हवी: धनुष्याचा प्रकार, कंपनी, सिरीयल नंबर, बाण किती. कंपाऊंडचा (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा) नंबर बहुधा लिम्बवरच्या (वाकणाऱ्या भुजेवरच्या) स्टिकरवर नाहीतर रायझरवर (मधल्या मुठीच्या भागावर) असतो. सेकंडहँड धनुष्याचा स्टिकर बऱ्याचदा घासून गेलेला असतो, तेव्हा रायझर नीट बघा.

ओळखपत्राचं एका ओळीत: मूळ आधार किंवा मोबाईलमधलं एम-आधार चालतं, लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स चालत नाही.

पेटी

रिकर्व्हवाल्यांचं, म्हणजे बिनचाकांच्या साध्या धनुष्यवाल्यांचं, बरं असतं. लिम्ब काढले, रायझर वेगळा केला की सगळं पाठीवरच्या बॅगेत बसतं. कंपाऊंड प्रेसशिवाय (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) उघडत नाही, त्यामुळे ते अख्खंच न्यावं लागतं, आणि त्याची पेटी तीन-साडेतीन फुटांच्या खाली येत नाही.

बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटीमीटर अशी असते. लोक हे 158 म्हणजे नुसती लांबी समजतात आणि खूश होतात. घरी शिलाईची टेप घ्या आणि चाकं, हँडलसकट मोजा. आमची पेटी 110 लांब, 40 रुंद आणि 18 उंच. बेरीज 168. म्हणजे दहा सेंटीमीटर जास्त, म्हणजे ती क्रीडा साहित्य म्हणून आधी कळवावी लागते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. किती पडतात ते कंपनीगणिक बदलतं आणि दरही बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी बघा. काही कंपन्यांना अशा पेटीत फक्त क्रीडा साहित्यच लागतं. धनुष्याला आधार म्हणून भोवती टॉवेल आणि ट्रॅकसूट भरले तर ती पेटी साध्या सामानात धरली जाऊ शकते. त्यापेक्षा फोम घाला.

वजनाकडेही लक्ष असू द्या. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो मिळतात. त्यातले नऊ-दहा पेटीच खाते. उरलेल्या पाचात पोरीचे आठवड्याचे कपडे आणि आईने दिलेले लाडू. एकच पेटी 32 किलोच्या वर गेली तर पैसे भरूनही घेत नाहीत, पण तिथवर कुणी जात नाही.

आधी कळवायची मुदत हीसुद्धा नीट वाचायची गोष्ट आहे. "प्रस्थानाच्या 48 तास आधी" असं लिहिलेलं असतं. सोमवारी पहाटे पाचचं विमान असेल तर ही मुदत शनिवारी पहाटे पाचला संपते. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मेल टाकणाऱ्याला वाटतं, अजून दोन दिवस आहेत. मेलला उत्तर आलं की त्याचं प्रिंट काढा. फोनवर "हो सर, चालेल" म्हणालेला माणूस काउंटरवर भेटत नाही.

दोन विमानं बदलायची असतील तर ज्याचा नियम जास्त कडक तो तुमचा नियम. सांगलीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, पण तिथून सुटणारी काही विमानं लहान असतात. लांब पेटी पोटात मावेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही. (कऱ्हाडला धावपट्टी आहे ना, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. आहे. पण तिथे नेहमीचं प्रवासी विमान येत नाही.)

पेटीत काय नको

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण पेटी भरताना मुलं अख्खं टूलकिट ओततात. बाणाची टोकं बसवायला हॉटमेल्टची (गरम करून वितळवायच्या गोंदाची) कांडी लागते, ती चालते. ती वितळवायला ठेवलेला लायटर आणि गॅसची छोटी टॉर्च चालत नाही, हातात नाही आणि पेटीतही नाही. ॲसिटोन, स्पिरिट नाही. पिसं चिकटवायच्या झटपट गोंदाची ट्यूबही घरीच ठेवा, तिथे गेल्यावर विकत मिळते. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल पेटीत नकोत, ते हातातल्या बॅगेत. ॲलन की, पक्कड आणि स्टॅबिलायझरच्या (धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या) दांड्या मात्र पेटीतच.

उलट रिलीज (दोरी सोडायचं ट्रिगरचं साधन), स्कोप (नेम धरायची भिंग) आणि रिकर्व्हवाल्यांनी फिंगर टॅब (दोरी ओढताना बोटांवर घालायचं संरक्षण) जवळ ठेवावा. पेटी हरवली तर धनुष्य एक वेळ कुणाचं तरी मागून मिळेल, पण हाताला बसलेला टॅब मिळणार नाही. रिलीजबद्दल तपासणीला विचारतात, तेव्हा मनगटाला लावून दाखवायचा. एकदा एका जवानाने माझ्या लेकीला विचारलं, "बेटा, ये चलता कैसे है?" तिने बुटाच्या लेसचा फास केला, त्यात रिलीज अडकवला आणि ट्रिगर दाबून लेस सोडून दाखवली. मागची रांग ताटकळली, पण त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही.

पेटीला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. चेक-इन करायच्या सामानात चुकूनही नको. एक्स-रेमध्ये काही वेगळं दिसलं तर तुम्हाला बोलावून पेटी उघडायला लावतात. त्यामुळे चेक-इन झाल्यावर फोन सायलेंट करू नका आणि लगेच आत पळू नका. पेटी भरण्याआधी साईटचे (नेम धरायच्या साधनाचे) आकडे आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) यांचे फोटो काढून ठेवा.

परदेशी जायचं असेल तर

महागडं धनुष्य बाहेर नेऊन परत आणताना ते तिकडून विकत आणलेलं नाही, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. त्यात सामानाचं वर्णन आणि नंबर येतो, परत येताना ते दाखवलं की ड्युटीचा प्रश्न येत नाही.

लोक चुकतात ते क्रमात. आधी पेटी काउंटरवर देतात, इमिग्रेशन करून आत जातात आणि मग कस्टम्सचं टेबल शोधतात. अधिकारी म्हणतो, वस्तू दाखवा. वस्तू एव्हाना विमानाच्या पोटात. म्हणून विमानतळात शिरल्यावर पेटी कुणालाही देण्याआधी कस्टम्स कुठे बसतात ते विचारा, आणि या एका कामासाठी तास-दीड तास वेगळा ठेवा.

दुसरा अडसर बिलाचा. बिल मागतात, आणि आपल्याकडे निम्म्या मुलांचं धनुष्य एखाद्या ताईकडून किंवा दादाकडून घेतलेलं असतं. त्या दादाने ते आणखी कुणाकडून. बिल कुणाकडेच नाही. अशा वेळी मूळ मालकाकडून जुन्या बिलाची प्रत मिळते का ते महिनाभर आधी विचारा. नाहीच मिळाली तर विकणाऱ्याची सही केलेली चिठ्ठी, पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, सिरीयल नंबर दिसेल असा फोटो आणि तोच नंबर असलेलं संघटनेचं पत्र, एवढा गठ्ठा करा. अधिकारी मानेलच याची हमी मी देत नाही. पण रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या बापाकडे तो कसा बघतो ते मी पाहिलंय.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो. बारा-तेराव्या वर्षी काढलेला असेल तर आंतरराष्ट्रीय निवड ऐन भरात असताना तो संपतो. आजच तारीख बघा.

त्या दिवशी

देशातल्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. तुम्ही तीन तास आधी पोहोचा. साताऱ्याहून लोहगाव (पुण्याचं विमानतळ) 120 किलोमीटरच्या आसपास आहे, पण खंबाटकी आणि कात्रज या घाटांना किलोमीटर कळत नाहीत. वेब चेक-इन करा, पण पेटी माणूस असलेल्या काउंटरवरच द्या. आत धनुष्य-बाण आहेत हे त्याने विचारण्याआधीच सांगा. लांब पेटी नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही, तिला दुसरीकडे न्यावं लागतं. तिथपर्यंत सोबत जा.

उतरल्यावरही तसंच. मुलं पट्ट्यापाशी उभी राहतात, सगळ्यांच्या बॅगा संपतात, आणि पेटी कोपऱ्यातल्या वेगळ्या दारापाशी केव्हाची भिंतीला टेकून उभी असते. ती तिथेच उघडा. कॅम (कंपाऊंडची चाकं), लिम्ब, साईटचा दांडा हात फिरवून बघा. काही मोडलं असेल तर बाहेर पडण्याआधी कंपनीच्या टेबलावर लेखी तक्रार करा आणि तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून सात दिवसांत करावी लागते, सामान उशिरा आलं तर एकवीस दिवसांत. दोन्ही मुदती सामान हातात पडल्या दिवसापासून मोजायच्या, स्पर्धा संपल्यापासून नाही.