उभी ट्रॉली रडारला का चकवते?

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वर-हत्तरगी पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग 48 वर रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या दिसू लागतात. दिसल्या तर! मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसाआड आणि वेग ताशी 15 किलोमीटर. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा लोगोमागे बसवलेले रडार अशी ट्रॉली ड्रायव्हरच्या आधी ओळखते, कारण त्याला उजेड लागतच नाही. पण तीच ट्रॉली आक्सल मोडून रस्त्यातच उभी असेल, तर तेच रडार घोटाळ्यात पडते.

(बंपरवर नाण्याएवढ्या गोल टिकल्या दिसतात, ते रडार नव्हे. ते पार्किंगचे अल्ट्रासॉनिक सेन्सर, त्यांची धाव काही मीटरच. रडार प्लास्टिकच्या आरपार पाहते, त्यामुळे ते बाहेरून दिसत नाही.)

हे रडार 77 गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर सोडते. लहरीची लांबी जेमतेम 3.9 मिलिमीटर. ती सोडताना तिची वारंवारता सरळ चढवत नेतात. समजा 20 मायक्रोसेकंदांत ती 300 मेगाहर्ट्झने चढली, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला 15 ने. ट्रॉली 120 मीटरवर असेल तर लहरीला जाऊन यायला 0.8 मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्यात सुटणारी लहर 12 मेगाहर्ट्झ वर गेलेली असते. आलेली आणि सुटणारी लहर एकमेकींत मिसळली की हा 12 चा फरक हाती येतो आणि फरकावरून अंतर.

वेगाचे गणित याहून देखणे आहे. तुमची गाडी ताशी 80, ट्रॉली 15, म्हणजे दोघांतले अंतर सेकंदाला 18 मीटरने घटते. एका चढणीपासून दुसऱ्या चढणीपर्यंत, 20 मायक्रोसेकंदांत, ट्रॉली फक्त 0.36 मिलिमीटर जवळ येते. पण लहरच 3.9 मिलिमीटरची असल्याने एवढ्याशा फरकानेही परतलेल्या लहरीची कला (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) 65 अंशांहून जास्त सरकते. अशा शंभर-दोनशे चढण्या ओळीने तपासल्या की वेग अगदी बारकाईने कळतो. अंतर आणि वेग यांत रडार कॅमेऱ्याला सहज मागे टाकते.

कोनात मात्र ते कच्चे. दिशा कळते ती शेजारशेजारच्या अँटेनांवर लहर किती पुढेमागे पोचली यावरून. 3 सोडणाऱ्या आणि 4 घेणाऱ्या अँटेना असलेल्या साध्या रडारला एकूण 12 वाहिन्या मिळतात, सोडणाऱ्या-घेणाऱ्या प्रत्येक जोडीची एक. त्यातून एकाच अंतरावरच्या, एकाच वेगाच्या दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात साडेनऊ अंशांचा फरक हवा. 120 मीटरवर हा फरक होतो 20 मीटर!

चालत्या ट्रॉलीबाबत याने काही बिघडत नाही. तिचा सापेक्ष वेग ताशी 65, तर रस्त्याकडेच्या रेलिंगचा 80. वेगच वेगळा, त्यामुळे ती आपोआप बाजूला निवडली जाते. ट्रॉली उभी राहिली की तिचाही वेग 80. दुभाजक, दिशाफलक, वरच्या पुलाची तुळई, गटाराचे लोखंडी झाकण, सगळे याच वेगाने अंगावर येत असते आणि 20 मीटरच्या पट्ट्यात ते सगळे एकमेकांत मिसळते. प्रत्येक दिशाफलकाला घाबरून गाडीने आपोआप करकचून ब्रेक मारला, तर मागचा ट्रक आत घुसेल. म्हणून उभ्या वस्तूवर ब्रेक लावण्याआधी बहुतेक यंत्रणा कॅमेऱ्याची साक्ष मागतात. अंधारात, दिव्याविना उभी असलेली ट्रॉली कॅमेऱ्यालाही उशिराच कळते. 12 सोडणाऱ्या आणि 16 घेणाऱ्या अँटेनांच्या नव्या रडारना 192 वाहिन्या मिळतात. तिथे हीच फट सुमारे एका अंशावर, म्हणजे 120 मीटरवर दोन मीटरवर येते.

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात अडचण वेगळीच. लांब पल्ल्याचा झोत मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा अंश पसरतो. 60 मीटर त्रिज्येच्या वळणावर 40 मीटर पुढे असलेली गाडी 19 अंशांवर जाते, म्हणजे झोताबाहेर. रडारला वाटते रस्ता मोकळा झाला, आणि क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप राखणारी सोय) ठरवलेला वेग गाठायला निघते, तेही ऐन वळणात. घाटाआधीची जांबोटी सोडली की ते बंद केलेले बरे.

खानापूर-कणकुंबीच्या पावसाला लोक उगाच भितात. तासाला 25 मिलिमीटरच्या धारेत 120 मीटरच्या जाण्यायेण्यात लहरीची निम्म्याहून कमी शक्ती जाते. खरे नुकसान करतो तो रडारच्या झाकणावर साचलेला पाण्याचा थर आणि तांबडा चिखल. डॅशबोर्डवर 'रडार बंद' अशा अर्थाची सूचना आली तर आधी ओल्या मऊ फडक्याने तो भाग पुसा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू नका.

बंपर म्हणजे रडारच्या डोळ्यासमोरची काच, हे डेंटिंग-पेंटिंगवाल्याला सांगावेच लागते. बंपरच्या प्लास्टिकमध्ये लहरीची लांबी आक्रसून अडीच मिलिमीटर होते. जाडी तिच्या निम्म्याच्या पूर्ण पटीत, उदाहरणार्थ दुपटीने सुमारे अडीच मिलिमीटर असली की पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून उलटणाऱ्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि बहुतेक शक्ती पार जाते. तिथे पुट्टी भरून घासली, वर चंदेरी मेटॅलिक रंगाचे आणखी दोन थर दिले की हा हिशेब मोडतो. रंगातले ॲल्युमिनियमचे कण तर लहर परतवूनच लावतात. रडारसमोरचा भाग फुटला असेल तर तिथे भरणी न करता बंपर बदलणे स्वस्त पडते.

बंपर उतरवला, ब्रॅकेटला धक्का बसला, तर कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची दिशा जुळवणे, पुन्हा करायचे. रडार एका अंशाने वाकडे बसले तर 200 मीटरवर साडेतीन मीटरची चूक होते, म्हणजे महामार्गाची एक पुरी लेन. शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी तुमची गाडी ब्रेक मारेल आणि समोरचा तिला दिसणार नाही. कॅलिब्रेशनआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या, कारण रडारची रेषा मागच्या चाकांच्या दिशेवरून धरतात. टायरची हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी, जमीन सपाट हवी.

आणि खंडेनवमी. गाडी धुऊन पुढे झेंडूची जाड माळ, दोन्ही बाजूंना केळीची रोपे. या लहरी पाणी फार शोषते आणि केळीचा खांब म्हणजे बहुतांशी पाणीच. पूजा झाली की रडारच्या जागेवरची माळ बाजूला सरकवा, मगच निपाणीचा रस्ता धरा. ओली माळ तशीच राहिली तर रडार स्वतःला आंधळे जाहीर करते आणि आपोआप ब्रेक लावण्याची सोय तेवढ्यापुरती बंद होते.